फरक स्पष्ट करा: पाचवीची वजाबाकी आणि दोन अध्ययन उपपत्ती

बी.एड.च्या पहिल्या वर्षी मानसशास्त्राच्या पेपरात अध्ययन उपपत्तींचं, म्हणजे शिकणं कसं घडतं याच्या सिद्धान्तांचं, प्रकरण येतं आणि ते जवळजवळ सगळे एकाच पद्धतीने पाठ करतात. पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे वर्तनवाद, म्हणजे शिकणं हे बाहेर दिसणाऱ्या कृतीत आणि तिच्या परिणामात पाहणारा विचार: पावलॉवचं अभिजात अभिसंधान, थॉर्नडाइकची प्रयत्न-प्रमाद पद्धती, स्किनरचं साधक अभिसंधान. उजवीकडे बोधात्मक उपपत्ती, म्हणजे डोक्यात काय चालतं यावरून शिकणं समजावणाऱ्या: कोहलरची मर्मदृष्टी (उत्तर एकदम उमगणं), पियाजेच्या विकासावस्था, ब्रूनर, ऑसुबेल. 'फरक स्पष्ट करा' असा प्रश्न येतो, सात-आठ मुद्दे लिहिले की गुण मिळतात. डाव्या रकान्यात 'यांत्रिक' आणि उजव्या रकान्यात 'अर्थपूर्ण' असे शब्द असतात, त्यामुळे वाचणाऱ्याचा कल आपोआप उजवीकडे झुकतो.

या उभ्या रेघेने शिक्षकाचं नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. मूल उत्तर लिहितं त्याआधी त्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं, हा एक प्रश्न. उत्तर लिहून झाल्यावर काय घडलं म्हणजे ते पक्कं होतं, हा दुसरा. वर्गात दोन्ही लागतात आणि क्रम चुकला तर दोन्ही वाया जातात. छात्रसेवाकालात (प्रशिक्षणात शाळेत जाऊन शिकवायच्या काळात) पाचवीच्या वर्गासोबत हातच्याच्या वजाबाकीवर काम केलं, तेव्हा हे मला अगदी स्वच्छ दिसलं. ते कसं घडत गेलं ते सांगते.

वर्गावर जाण्याआधी सूक्ष्म अध्यापन, म्हणजे छोट्या पाठाचा सराव असतो. १९६३ च्या सुमाराला स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेली ही पद्धत आपल्याकडे ३६ मिनिटांच्या चक्रात बसवली गेली: ६ मिनिटं अध्यापन, ६ मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), १२ मिनिटं पुनर्नियोजन, मग पुन्हा ६ मिनिटं अध्यापन आणि ६ मिनिटं प्रत्याभरण. समोर विद्यार्थी म्हणून आपलेच वर्गमित्र बसतात आणि एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं असतं. मी प्रबलन कौशल्य, म्हणजे योग्य प्रतिसादाला दाद देऊन तो पक्का करण्याचं कौशल्य, घेतलं होतं. निरीक्षक मैत्रीण तक्त्यावर खुणा करत होती: शाब्दिक प्रबलन किती वेळा दिलं, नुसती मान किती वेळा डोलावली, विद्यार्थ्याचं उत्तर फळ्यावर लिहिलं की नाही. पुष्कळांना हा प्रकार कृत्रिम वाटतो. मला आवडला आणि अजूनही आवडतो, कारण 'शाब्बास' हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो ते त्या तक्त्यावर लगेच दिसतं. आमच्या गणित मेथडच्या सरांचा आग्रह असे की प्रबलन मुलाच्या कृतीला द्यायचं. 'हुशार आहेस' म्हटल्याने पुन्हा काय करायचं ते मुलाला कळत नाही. 'एककाखाली एकक नीट मांडलंस' म्हटल्यावर कळतं. वर्तनवादाचा सगळा जोर इथेच आहे: नेमकी कोणती कृती, आणि तिच्या पाठोपाठ नेमकं काय.

छात्रसेवाकालासाठी मला तालुक्याच्या गावातली एक माध्यमिक शाळा मिळाली. क्रियात्मक संशोधनाला (वर्गातली एखादी अडचण घेऊन ती सोडवून पाहण्याच्या प्रकल्पाला) विषय निवडायचा होता. पाचवीच्या गणिताच्या मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "भागाकार घेतेय गं, पण पोरं भागाकारात चुकतच नाहीत, आतल्या वजाबाकीत चुकतात." विषय तिथेच ठरला.

नैदानिक चाचणी, म्हणजे चूक नेमकी कुठे होते ते शोधणारी चाचणी, काढणं हे या सगळ्यातलं सगळ्यात कौशल्याचं काम आहे, आणि त्याला आपल्याकडे फार कमी वेळ दिला जातो. घटक चाचणीत गणितं मिसळून देतात आणि बेरीज करून गुण सांगतात. नैदानिक चाचणीत प्रत्येक गणित एकेक गोष्ट वेगळी काढण्यासाठी असतं. मी आधी बिनहातच्याची गणितं घेतली, मग एकदा हातचा, मग दोनदा हातचा, मग दशकाच्या घरात शून्य, मग शेवटी दोन शून्यं. प्रत्येक प्रकाराची दोन-तीन गणितं, म्हणजे हात चुकून झालेली चूक आणि समजुतीतली चूक वेगळी कळावी.

तपासताना एका मुलीच्या कागदावर थांबले. अक्षर सुरेख, रेघा पट्टीने मारलेल्या, एककाखाली एकक, दशकाखाली दशक. ८५ − ३२ = ५३, बरोबर. ५२ − ३८ = २६. ४०३ − १६७ = ३६४. खाडाखोड कुठेच नाही. बिनहातच्याची सगळी गणितं बरोबर आणि हातच्याची सगळी चूक. ही मुलगी गोंधळलेली अजिबात नव्हती. तिच्याकडे एक नियम होता आणि तो ती काटेकोरपणे पाळत होती: प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, मग तो वर असो की खाली. ८ मधून २ गेले ६, ५ मधून ३ गेले २.

ब्राऊन आणि बर्टन या अमेरिकन संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या अशाच चुकांचा बारकाईने अभ्यास मांडला होता. मुलांच्या बहुतेक चुका अंदाधुंद नसतात, त्यांच्यामागे ठरलेली रीत असते आणि ती ओळखली तर मूल पुढच्या गणिताचं कोणतं चुकीचं उत्तर लिहील तेही सांगता येतं, हा त्याचा गाभा. मी तसं करून पाहिलं. तिला ७१ − ४६ दिलं आणि माझ्या वहीत आधीच ३५ लिहून ठेवलं. तिने ३५ च लिहिलं.

"हे कसं काढलंस, मला सांग ना."

"लहानातून मोठा जात नाही ना मॅडम, मग मोठ्यातून लहान काढला."

पहिली-दुसरीत प्रत्येक मुलाला हेच वाक्य सांगितलेलं असतं. तिने ते मनापासून ऐकलं होतं आणि जपलं होतं.

आता इथे डावा रकाना किती उपयोगी पडतो पाहा. हा नियम इतकी वर्षं टिकला कसा? थॉर्नडाइकने १८९८ मध्ये कोड्याच्या पेटीतल्या मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि पुढे परिणामाचा नियम मांडला: ज्या प्रतिसादानंतर समाधान मिळतं तो प्रतिसाद पक्का होतो. या मुलीच्या वहीत बिनहातच्याच्या प्रत्येक गणितावर लाल शाईची बरोबरची खूण होती, आणि ती खूण तिच्या त्याच नियमाला मिळत होती, कारण बिनहातच्याच्या गणितात तो नियम बरोबर उत्तर देतो. हातच्याच्या गणितावर फुली येत होती, म्हणजे कधी खूण, कधी फुली. स्किनरने दाखवून दिलं आहे की दर वेळी न मिळता अधूनमधून मिळणारं प्रबलन सवयीला सगळ्यात चिवट बनवतं. तिला आणखी दोन पानं सराव दिला असता, तर तोच नियम आणखी दोन पानं पक्का झाला असता. तिच्या मनातला नियम काय, हे शोधायला उजवा रकाना लागला. तो का सुटत नाही, हे डाव्याने सांगितलं.

त्याच गठ्ठ्यात एका मुलाचा कागद होता. त्याला मिळाले होते तेवढेच गुण, जेवढे तिला. त्याने ५२ − ३८ मध्ये ५ खोडून ४ केले होते, २ च्या जागी १२ लिहिले होते, आणि उत्तर होतं १५. विचारलं तर सगळी रीत घडाघडा सांगितली, का ते सांगितलं, दशक सुटा केला म्हणजे काय तेही सांगितलं. फक्त १२ मधून ८ काढताना बोटं मोजत होता आणि मोजताना एक बोट इकडेतिकडे होत होतं. ४०३ − १६७ मध्ये तर १३ मधून ७ बोटांवर काढेपर्यंत आपण कोणत्या घरात होतो हेच तो विसरला. गुणपत्रकात दोघं शेजारी, पण दोघांना हवं होतं ते एकदम उलट. तिला समज हवी होती. त्याला भरपूर, रोजचा, साधा सराव हवा होता.

उपचारात्मक अध्यापनाचे तास मला मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला मिळाले. तिच्यासारखी रीत वापरणाऱ्या मुलांचा एक गट केला आणि खेळातल्या नोटा आणल्या: शंभराच्या, दहाच्या आणि एक रुपयाची नाणी. ब्रूनरने शिकण्याच्या तीन पातळ्या सांगितल्या आहेत, आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. पाठाच्या टाचणात हे एका ओळीत लिहून होतं. वर्गात पहिल्या पातळीलाच मनसोक्त वेळ द्यावा लागतो.

सतरंजीवर ४०३ रुपये मांडले: शंभराच्या चार नोटा, दहाची एकही नाही, तीन नाणी. सांगितलं, यातून मला १६७ रुपये द्या. मुलांनी शंभराची एक नोट पटकन दिली. मग थांबली. सात रुपये हवेत, नाणी तीनच. दहाची नोट मोडावी तर दहाची नोटच नाही. कोणी काही बोलेना. मीही बोलले नाही, आणि ते न बोलणं सोपं नव्हतं, कारण पाठ निरीक्षणाला सर मागच्या बाकावर बसलेले होते. तेवढ्यात ती सुरेख अक्षराची मुलगी म्हणाली, "शंभराची मोडली तर?" दहाच्या दहा नोटा आल्या. त्यातली एक मोडून दहा नाणी आली. आता सतरंजीवर शंभराच्या दोन, दहाच्या नऊ आणि तेरा नाणी. सात नाणी दिली, सहा नोटा दिल्या. उरले २३६. आणि मग तिने स्वतःहून आपला चाचणीचा कागद मागितला, ३६४ वर बोट ठेवलं आणि म्हणाली, "एवढे उरणारच नाहीत. १६७ दिल्यावर तीनशेच्या वर कसे राहतील?"

कोहलरने पहिल्या महायुद्धाच्या काळात टेनेरीफ बेटावर चिंपांझींवर जे प्रयोग केले, त्यातला सुलतान दोन काठ्या एकमेकींत खुपसून केळं ओढतो, ही गोष्ट आपण सगळेच पाठ करतो. त्यातली महत्त्वाची अट मात्र उत्तरपत्रिकेत क्वचित येते: प्रश्न सोडवायला लागणारे घटक प्राण्याच्या आवाक्यात, नजरेसमोर असावे लागतात. मर्मदृष्टी शिक्षकाला मुलाला देता येत नाही. ज्यात ती होऊ शकेल अशी मांडणी मात्र करता येते. नोटा समोर होत्या म्हणून शंभराची नोट मोडायचं सुचलं. फळ्यावरच्या ४०३ मधलं शून्य नुसतं शून्य असतं, त्याकडे बघून हे सुचणं फार अवघड.

पुढच्या तासांना चित्रं: शंभरासाठी चौकोन, दहासाठी उभी रेघ, एकासाठी टिंब. मग अंक. अंकांवर येताना एक गोष्ट मी मुद्दाम केली. आधी सगळी मोडतोड पूर्ण करायची, ४०३ च्या डोक्यावर ३, ९, १३ असं स्वच्छ लिहायचं, आणि मगच वजा करायला सुरुवात करायची. मोडायचं, वजा करायचं, पुन्हा मोडायचं अशी ये-जा केली तर मुलाला एकाच वेळी फार गोष्टी डोक्यात धराव्या लागतात. मिलरने १९५६ मध्ये मांडलेली तात्पुरत्या स्मृतीची मर्यादा (एका वेळी साधारण सातच गोष्टी डोक्यात मावतात) आपल्याला ठाऊक असते, पण तिचा संबंध वहीतल्या हातच्याशी आहे हे कोणी सांगत नाही. शून्य ओलांडताना काही मुलं दशकात ९ ऐवजी १० ठेवत आणि उत्तर २४६ काढत. एककासाठी एक दशक मोडला गेला हे मधल्या धावपळीत निसटतं. तिन्ही आकडे आधी लिहायला लागल्यावर ही चूक झपाट्याने कमी झाली. शिवाय मी गणितं जोडीने दिली: डावीकडे पूर्ण सोडवलेलं, उजवीकडे तसंच पण न सोडवलेलं. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेल्या कामात सोडवलेली उदाहरणं अभ्यासण्याचा फायदा दाखवला आहे, तीच कल्पना.

समज आली, पण समज आली म्हणून वजाबाकी आली असं होत नाही. इथून पुढे सराव हवाच, आणि सरावाबद्दल वर्तनवाद्यांइतकं बारकाईने कोणी विचार केलेला नाही. थॉर्नडाइकने आधी सरावाचा नियम मांडला आणि पुढे स्वतःच तो दुरुस्त केला. डोळे मिटून ठरावीक लांबीच्या रेघा पुन्हा पुन्हा काढायला लावल्या आणि बरोबर-चूक काहीच सांगितलं नाही, तर माणसं सुधारत नाहीत. नुसती आवृत्ती शिकवत नाही, परिणाम कळावा लागतो. स्किनर १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला होता. तिथे त्याला खटकलं ते हेच: सगळी मुलं एकाच गतीने ओढली जातात, आणि आपलं गणित बरोबर की चूक हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळतं. त्यातून त्याचं अध्यापन यंत्र आणि क्रमान्वित अध्ययन (छोट्या पायऱ्यांनी, प्रत्येक पायरीचं उत्तर लगेच ताडून शिकणं) पुढे आलं.

आपल्या शाळांत तर वह्या तपासून मिळायला आठवडाही लागतो, आणि वर्गातली पटसंख्या पाहता शिक्षकाला दोष देता येत नाही. मला यंत्र नको होतं, कारण गणितात एक यंत्र आधीच आहे: ताळा. २३६ अधिक १६७, आले ४०३. प्रत्येक वजाबाकीनंतर लगेच ताळा घ्यायचा, तो जुळेपर्यंत पुढचं गणित घ्यायचं नाही, असा नियम केला. मुलाला स्वतःच्याच हाताने, त्याच क्षणी, उत्तर बरोबर आहे की चूक हे कळतं. पाठ्यपुस्तकात ताळा असतोच, पण तो गुणांसाठी दोन-चार गणितांपुरता केला जातो. त्याचं खरं मोल त्याच्या तत्परतेत आहे. मी प्रबलन द्यायचं ते उत्तराला दिलं नाही, ताळा घेण्याला दिलं. कुणी चुकीचं उत्तर ताळ्याने पकडलं, की वर्गात मोठ्याने सांगत असे, "हिने चूक स्वतः शोधली."

त्या दुसऱ्या मुलासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी नोटा काढल्याच नाहीत. वीसपर्यंतच्या सुट्या वजाबाक्यांची कार्डं केली, पुढे १३ − ७, मागे ६. जोडीदाराने दाखवायचं, उत्तर द्यायचं, कार्ड उलटायचं. आलेली एका बाजूला, न आलेली पुन्हा गठ्ठ्यात. रोज तासाच्या सुरुवातीला थोडा वेळ. यात 'अर्थपूर्ण' म्हणावं असं काही नाही, तरी त्या मुलाला याचाच उपयोग झाला. १३ मधून ७ चटकन निघू लागल्यावर त्याचं लक्ष मोकळं झालं आणि आधीपासून येत असलेली रीत त्याला शेवटपर्यंत नेता आली.

हे आग्रहाने सांगायचं कारण आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर आपल्याकडे ज्ञानरचनावाद (मूल अनुभवातून स्वतःचं ज्ञान घडवतं हा विचार) आला, साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या, म्हणजे तिथल्या शाळागटातल्या, शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले, आणि मुलं जमिनीवर बसून हाताने, वस्तूंनी शिकू लागली. हे फार मोलाचं झालं, माझी सतरंजी आणि नोटा त्याच वाटेवरच्या आहेत. पण त्याच सुमाराला पाठांतर आणि सराव हे शब्द प्रशिक्षणांतून जणू हद्दपार झाले. ज्या घरात संध्याकाळी पाढे म्हणून घेणारं कोणी आहे, तिथे फरक पडला नाही. ज्या मुलाचे आई-वडील ऊसतोडीला गेलेले असतात, त्याचा सराव शाळेत झाला नाही तर कुठेच होत नाही. त्याला तो नाकारणं मला अन्याय वाटतो.

बक्षिसांबद्दल मात्र सावध राहावं लागतं. शेजारच्या वर्गावर असलेल्या माझ्या सहकारी छात्राध्यापिकेने चांदण्यांचे स्टिकर वापरले होते आणि मुलं खूश होती. लेपर, ग्रीन आणि निसबेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग मला तेव्हा आठवला: ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, त्यांना आधी सांगून प्रशस्तिपत्र दिलं, तर नंतर ती मुलं चित्रांकडे कमी वळली. मात्र तो प्रयोग आधीपासून आवडणाऱ्या गोष्टीबद्दल आहे. वजाबाकीची आवड मुळात नसलेल्या मुलाला सुरुवातीला स्टिकरने ओढलं तर आभाळ कोसळत नाही. ती मुलगी नोटांत रमली होती, तिला स्टिकर देणं मी टाळलं असतं.

शेवटचा टप्पा टिकण्याचा. एबिंगहाऊसने १८८५ मध्ये विसरण्याचा वेग मोजला, आणि २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी दाखवलं की पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे असतात, पण आठवून लिहिणारे आठवड्याने पुढे असतात. म्हणून उपचारात्मक तास संपल्यावरही भागाकाराच्या तासाला आधी दोन जुनी गणितं द्यायची, आणि त्यात एखादी बेरीज मिसळायची, म्हणजे मुलाला चिन्ह पाहून ठरवावं लागेल, असं मॅडमशी बोलून ठरवलं. उपचारानंतर घेतलेल्या उत्तर चाचणीत त्या मुलीची हातच्याची बहुतेक गणितं बरोबर आली. शेवटी दोन शून्यं असलेल्या एका गणितात ती अडली, पण जुन्या नियमाकडे वळली नाही. कागदाच्या कोपऱ्यात तिने चौकोन, रेघा आणि टिंबं काढून पाहिली होती.

आता मी सातवीला शिकवते. पूर्णांकांचा गुणाकार झाला की 'ऋण ऋण धन' हे सूत्र मुलं बेरजेतही लावतात आणि −३ − ५ चं उत्तर ८ लिहितात. चाचणीच्या कागदावर मी उजवीकडे एक रकाना ठेवते, 'कसं काढलं?' मुलं आपल्या शब्दांत लिहितात आणि मी आधी तोच रकाना वाचते. सूत्राच्या घोटाळ्यात असलेली मुलं सध्या मैदानावर चुन्याने आखलेल्या संख्यारेषेवर मागे-पुढे चालताहेत. रीत येते पण हात चुकतो, अशा मुलांच्या हातात कार्डं आहेत.